‘आम्ही इफेहून आलो’ याच्या पुढचा रस्ता : योरुबा घराण्याचं मूळ शोधताना

योरुबा माणसाला ‘तुमचं घराणं मूळचं कुठलं?’ असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : इले-इफे. नायजेरियाच्या नैर्ऋत्येला असलेलं हे गाव योरुबांच्या श्रद्धेनुसार पृथ्वीचंच जन्मस्थान आहे. त्यांचा आदिपुरुष ओदुदुवा आकाशातून साखळीवरून खाली उतरला, त्याने पाण्यावर मूठभर माती टाकली, कोंबडीने ती पायांनी पसरली आणि जमीन झाली. सगळे राजे, सगळी शहरं त्याच्याच वंशातली. त्यामुळे ‘आम्ही इफेचे’ म्हणणारा माणूस प्रवासाची हकीकत सांगत नसतो. ‘आम्ही योरुबा आहोत आणि आमच्या गावच्या राजाला मुकुटाचा हक्क आहे,’ एवढंच त्याला म्हणायचं असतं. इफेपासून त्याच्या आजच्या घरापर्यंतचा रस्ता तसाच अंधारात राहतो. मधली गावं कोणती, कुठल्या लढाईत घर जळलं, कोण कुणाच्या आश्रयाला गेलं, हे काहीच कळत नाही.

हा लेख त्या रस्त्यासाठी आहे. कुणी योरुबा घरात सून किंवा जावई म्हणून गेलेलं असेल, कुणी लागोसला नोकरी करत असेल, कुणी पुण्यात शिकायला आलेल्या नायजेरियन मित्राला मदत करत असेल, किंवा कुणाला आफ्रिकेच्या इतिहासाची नुसती ओढ असेल. सगळ्यांना पायऱ्या त्याच आहेत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. शोध उलट्या दिशेने करायचा. ओदुदुवापासून खाली यायचं नाही. आज जे माणूस जिवंत आहे त्याच्यापासून सुरुवात करून एकेक मुक्काम मागे जायचं. शेवटचे दोन-तीन मुक्काम पक्के झाले, तर ते इफेपर्यंतच्या सलग वंशावळीपेक्षा जास्त मोलाचे आहेत.

उदाहरण म्हणून एक घराणं बरोबर घेऊन चालू : सॅम्युएल आजायी क्राउथर यांचं. १८६४ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. त्यांनी स्वतः लिहून ठेवल्यामुळे या घराण्याचा प्रवास दिवसागणिक नाही, तरी मुक्कामागणिक नक्की सांगता येतो. इतका स्पष्ट माग फार थोड्या घराण्यांचा मिळतो, म्हणून शिकायला ते बरं.

आधी थोडं उच्चारांविषयी

योरुबा भाषेत स्वराचे तीन चढउतार असतात आणि ते बदलले की अर्थ बदलतो. देवनागरीत आपण दोन्हीकडे ‘बाले’ लिहू, पण एका उच्चारात तो घराचा कर्ता पुरुष असतो आणि दुसऱ्यात गावचा प्रमुख. वंशावळ लिहिताना ही चूक झाली, तर साधा कुटुंबप्रमुख एकदम गावाचा अधिपती होऊन बसतो. म्हणून वहीत प्रत्येक नाव घरच्या माणसाकडूनच, खालच्या टिंबांसकट आणि वरच्या खुणांसकट, त्यांच्या लिपीत लिहून घ्या. आपलं देवनागरी रूप शेजारी असू द्या. आणखी एक : इफे हे गाव आणि इफा ही भविष्यकथनाची विद्या. ऐकताना घोटाळा होतो, लिहिताना करू नका.

पायरी १ : नाव वाचा, आडनावावर भिस्त ठेवू नका

आपल्याकडे आडनावाला ‘कर’ लागलं, की गावाचा अंदाज येतो. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते. योरुबांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव ही मिशनऱ्यांच्या आणि इंग्रजी राजवटीच्या काळात रुजलेली पद्धत आहे. शाळेत किंवा चर्चमध्ये पहिल्यांदा नाव नोंदवलेल्या पणजोबांचं स्वतःचं नाव तेवढं पुढे आडनाव झालं. त्यामुळे आजायी, ओजो, तायवो ही आडनावं असलेली हजारो कुटुंबं एकमेकांची कुणीही नाहीत.

नावं मात्र खूप काही सांगतात, फक्त ती कोणत्या जातीची आहेत हे ओळखता आलं पाहिजे. काही नावं मूल ‘स्वर्गातून घेऊन येतं’, म्हणजे जन्माच्या प्रकारावरून ती आपोआप ठरतात. जुळ्यांतलं आधी बाहेर आलेलं तायवो आणि मागून आलेलं केहिंदे. गंमत म्हणजे मान थोरल्याचा केहिंदेला, कारण जग कसं आहे ते पाहायला त्यानेच धाकट्याला पुढे पाठवलं, असं मानतात. जुळ्यांच्या पाठीवरचं ईदोवू. पायाळू मूल ईगे. जटा घेऊन जन्मलेलं दादा. पालथं जन्मलेलं आजायी. ही नावं वंशाबद्दल काहीच सांगत नाहीत. क्राउथर यांचं ‘आजायी’ हे असलंच नाव, त्यावरून घराणं शोधायला निघणारा रिकाम्या हाताने परत येईल.

दुसरी नावं आई-वडील आणि घरातली वडीलधारी माणसं देतात, आणि त्यांच्या पहिल्या अक्षरांत घराण्याचा व्यवसाय किंवा देव दडलेला असतो. ‘अयान’ने सुरू होणारी नावं ढोलवादकांच्या कुळातली. ‘ओजे’ म्हणजे एगुंगुनचं, पूर्वजांच्या मुखवट्याचं कूळ. ‘ओडे’ शिकाऱ्यांचं. ‘इफा’ आणि ‘आवो’ भविष्यवेत्त्या बाबालावोंचं. ‘ओगुन’ लोखंडाच्या देवाचं, म्हणजे लोहार, शिकारी, योद्धे यांचं. ‘आडे’ म्हणजे मुकुट, पण तेवढ्यावरून राजघराणं ठरवू नका, आता ते कुणीही ठेवतं. घरात कुणी ख्रिस्ती झालं की ‘इफा’च्या जागी ‘ओलू’ किंवा ‘जेसू’ आलेलं दिसतं. एकाच घरात आजोबांचं नाव इफाने आणि नातवाचं जेसूने सुरू होत असेल, तर धर्मांतर कोणत्या पिढीत झालं ते कळलं.

बाबातुंदे (‘बाबा परत आले’) आणि येतुंदे (‘आई परत आली’) ही नावं तर वंशावळ लिहिणाऱ्याला वरदान आहेत. घरातले आजोबा किंवा आजी गेल्यानंतर जन्मलेल्या मुलाला ती ठेवतात. म्हणजे बाबातुंदेचं जन्मवर्ष माहीत असेल, तर त्याआधी आजोबा गेले होते हे धरून चालता येतं. जिथे कुठलीच तारीख लिहिलेली नाही, तिथे असा एक खुंटा फार कामाला येतो.

आता ‘क्राउथर’ या आडनावाकडे पाहा. डिसेंबर १८२५ मध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा इंग्लंडमधल्या एका पाद्र्याचं नाव त्यांना दिलं गेलं. त्या आडनावाचा माग काढला तर आपण लंडनला पोहोचू, योरुबा प्रदेशात नाही. त्यांची मुलगी अ‍ॅबिगेल हिचा नवरा थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. नाव हुबेहूब तेच, पण शिक्षणाच्या धोरणामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मेकॉलेशी रक्ताचा काही संबंध नाही. तो गुलामगिरीतून मुक्त केलेल्या योरुबा आईबापांचा मुलगा, सिएरा लिओनमध्ये जन्मलेला. आणि या जोडप्याचा मुलगा हर्बर्ट मेकॉले (१८६४–१९४६), नायजेरियाच्या राष्ट्रीय चळवळीतलं मोठं नाव.

पायरी २ : ओरिकी ध्वनिमुद्रित करा, आणि ती आधी बायकांकडून घ्या

माझ्या मते सगळ्या शोधाचा गाभा हा आहे. बाकी पायऱ्या मागेपुढे झाल्या तरी चालतील, पण ओरिकी म्हणणारी आजी उद्या नसेल.

ओरिकी म्हणजे स्तुतिपद. प्रत्येक माणसाला लाडाचं असं एक छोटं ओरिकी नाव असतं : मुलांना अजानी, अकानी, अलाबी, मुलींना अबेबी, अजोके. आई मायेने हाक मारते ती या नावाने. पण आपल्याला हवी ती ओरिकी ओरिले, म्हणजे कुळाच्या मूळ स्थानाची स्तुती. ‘ओरिले’ हे आज राहतात ते गाव नसतं. जिथून कूळ फुटलं ते ठिकाण. कूळ चार गावं फिरलं, तरी ओरिकीत जुन्याच गावाचं नाव टिकून राहतं. इबादानमध्ये पाच पिढ्या काढलेलं माणूस ‘ओफाच्या लेकरा’ म्हणून हाक मारल्यावर उभं राहतं, कारण त्याच्या पूर्वजांनी ओफा सोडलं तरी ओरिकीने सोडलं नाही. ओफाच्या ओरिकीत कुस्ती येते, ‘इजाकादी लोरो ओफा’, म्हणजे कुस्ती हाच ओफाचा कुळाचार. ओनिकोयीच्या, म्हणजे इकोयीच्या राजाच्या, लेकरांच्या ओरिकीत युद्ध येतं, कारण जुन्या ओयो साम्राज्यातलं इकोयी हे योद्ध्यांचं गाव. लागोस शहरातली श्रीमंतांची इकोयी वस्ती वेगळी. नवख्या माणसाची इथे हमखास गल्लत होते.

ओरिकी म्हणण्यात पुरुषांपेक्षा बायका तरबेज असतात, आणि त्यातही बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुना. सासरच्या माणसांना सणासमारंभात, मयतीत, लग्नात ओरिकीने गौरवणं हे त्यांचं काम. शिवाय माहेरची ओरिकी त्यांना येतेच. ओयो भागात पूर्वी नवरी सासरी निघताना ‘एकुन इयावो’ गायची, नववधूचं रडणं. त्यात ती आपल्या बापाच्या कुळाची ओरिकी गात घर सोडायची. वंशावळ विचारायला गेलेल्या परक्याला घरातले पुरुष ओसरीवर बसवतात आणि राजांची यादी सांगतात. ती जरूर लिहून घ्या. पण आतल्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या सासूबाईंकडे गेल्याशिवाय उठू नका.

ध्वनिमुद्रण करताना तीन गोष्टी पाळा. मधे थांबवून अर्थ विचारू नका. ओरिकी ओघात येते, तोडली की तुटते. एकच ओरिकी दोन वेगळ्या बायकांकडून, वेगवेगळ्या दिवशी घ्या. दोघींत सारखं येईल ते जुनं असण्याची शक्यता जास्त. आणि अर्थ नंतर घरच्याच माणसाबरोबर बसून लावा, कारण त्यात जुने शब्द, गावांची विसरलेली नावं आणि आडवळणाचे उल्लेख असतात. एखादी ओळ कुणालाच समजत नसेल तर ती टाकून देऊ नका. न समजणारी ओळ बहुधा सगळ्यात जुनी असते.

पायरी ३ : अग्बो-इले बघा

अग्बो-इले म्हणजे एका कुळाचा वाडा किंवा वाड्यांचा समूह. त्याला स्वतःचं नाव असतं. वयाने सगळ्यांत थोरला पुरुष तिथला बाले. इबादानमध्ये कुळाच्या प्रमुखाला मोगाजी म्हणतात. भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. कोलाची फळं, ज्यांना ओबी म्हणतात, ही चालत आलेली भेट. पुरुषाने वडीलधाऱ्यांसमोर साष्टांग पडायचं, बाईने गुडघे टेकायचे. परदेशी पाहुण्याला हे कुणी सक्तीने करायला लावत नाही, पण केलं तर चेहरे खुलतात. म्हाताऱ्या माणसाला नावाने हाक मारू नका. बाबा किंवा ईया म्हणा, आणि पुढे त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव लावा.

वाड्यात काय पाहायचं? ज्येष्ठांना घरातच पुरण्याची जुनी रीत होती, म्हणून कोणत्या खोलीत कुणाची कबर आहे हे विचारा. पहिली कबर कुणाची, यावरून इथे वसणारा पहिला पूर्वज कळतो. त्याच्या वडिलांची कबर कुठे आहे, असा पुढचा प्रश्न आला की तुम्ही आधीच्या मुक्कामावर पोहोचलात. कुळाचं एगुंगुन आहे का, कोणत्या देवाची पूजा होती, कोणता पदार्थ किंवा प्राणी कुळाला वर्ज्य आहे, हेही टिपा. अशा वर्ज्य गोष्टीला एवो म्हणतात. दोन लांबच्या गावांतल्या वाड्यांची ओरिकी आणि एवो दोन्ही जुळली, तर ती एकाच कुळाची असण्याची शक्यता बरीच वाढते.

नात्यांच्या शब्दांनी फसू नका. योरुबात ‘एग्बोन’ म्हणजे मोठं भावंड आणि ‘अबुरो’ म्हणजे धाकटं, मग ते भाऊ असो, बहीण असो की चुलत-मावस भावंड. काकाही बाबाच. ‘ओमो’ म्हणजे मूल, पण सातव्या पिढीतला वंशजही ओमोच. म्हणून प्रत्येक वेळी ‘एकाच आईचे का?’ हा प्रश्न विचारा. एकाच आईच्या मुलांना ‘ओमो ईया’ म्हणतात. ज्या घरात एका पुरुषाच्या तीन-चार बायका होत्या तिथे वारसाही प्रत्येक आईच्या शाखेनुसार वाटायचे. या पद्धतीचं नाव ‘इदी-इगी’, आणि लागोसच्या एका खटल्यात १९६२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही ती मान्य केली. वंशावळ काढताना बापाच्या नावाखाली सगळी मुलं एका ओळीत मांडली, तर घराण्याचे खरे सांधे दिसत नाहीत. आईनुसार मांडा.

चेहऱ्यावरच्या खुणांबद्दल थोडक्यात. अबाजा, पेले, गोंबो अशा खुणा पूर्वी गाव किंवा कूळ सांगायच्या. २००३ च्या बालहक्क कायद्याने मुलांच्या अंगावर अशा खुणा करायला बंदी आहे, त्यामुळे आता त्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि जुन्या फोटोंतच पाहायच्या. दुजोरा म्हणून वापरा, एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका.

एक नाजूक गोष्ट. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धांत पकडून आणलेली माणसं मोठ्या सरदारांच्या वाड्यांत राहिली, शेतीत राबली, पुढे त्यांची मुलं त्याच कुळात मिसळून गेली. काही जण कर्जापोटी राबणारे ‘इवोफा’ होते. वाड्यातल्या एखाद्या शाखेची ओरिकी वेगळी निघाली, तर कारण हे असू शकतं, किंवा आईकडून आलेली, आश्रयाला आलेली शाखाही असू शकते. चारचौघांत हा प्रश्न कधीही विचारू नका. त्या शाखेतलं माणूस स्वतः सांगेल तर ऐका, आणि लिहावं की नाही हे त्यालाच ठरवू द्या.

पायरी ४ : कहाणी युद्धांच्या कालरेषेवर ठेवा

योरुबा घराण्यांची बहुतेक मोठी स्थलांतरं साधारण १८१७ ते १८९३ या पाऊणशे वर्षांत झाली. उत्तरेचं ओयो साम्राज्य मोडलं आणि माणसं लोंढ्याने दक्षिणेकडे, जंगलाच्या आश्रयाला सरकली. ही कालरेषा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घरचे ‘लढाई झाली म्हणून निघालो’ म्हणतील, तेव्हा कोणती लढाई, हे ओळखायला तीच उपयोगी पडते.

ओयोचा सेनापती अफोन्जा इलोरिनमध्ये बंड करून उठला. पुढे तो स्वतःच मारला गेला आणि इलोरिन फुलानी या मुस्लिम जमातीच्या अमिराच्या हाती गेलं. १८२० च्या दशकात ओवू हे बलाढ्य शहर वेढा घालून उद्ध्वस्त करण्यात आलं आणि त्याच ओघात एग्बा या योरुबा शाखेची गावं एकामागून एक पडली. १८२९ च्या सुमारास वेगवेगळ्या गावच्या सैनिकांनी इबादानमध्ये छावणी टाकली. १८३० मध्ये एग्बा लोक सोदेके याच्या नेतृत्वाखाली ओलुमो खडकाच्या पायथ्याशी आले आणि आबेओकुटा वसलं. नावाचा अर्थच ‘खडकाखाली’. १८३० च्या दशकात जुनी राजधानी ओयो-इले ओस पडली आणि आलाफिन, म्हणजे ओयोचा राजा, अतिबा याने शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला आजचं ओयो वसवलं. १८४० च्या सुमारास ओशोग्बोला इबादानने इलोरिनचं सैन्य रोखलं. १८६२ मध्ये इजाये शहर पडलं. १८७७ ते १८९३ अशी सोळा वर्षं इबादान आणि एकिटी आणि इजेशा या पूर्वेकडच्या योरुबांची युती यांच्यात किरिजी युद्ध चाललं. किरिजी हा बंदुकांचा आवाज, तेच युद्धाचं नाव झालं.

यातून गावागणिक विचारायचे प्रश्न निघतात. घर आबेओकुटाचं असेल, तर ‘कोणत्या पेठेचं?’ हा प्रश्न सोन्यासारखा. शंभराहून अधिक गावांची माणसं तिथे एकत्र आली, आणि प्रत्येकाने आपल्या वस्तीला जुन्या गावाचंच नाव ठेवलं : इतोको, इजेमो, केम्ता, ओवू. म्हणजे पेठेचं नाव हेच १८३० पूर्वीच्या गावाचं नाव. घर इबादानचं असेल, तर ‘इबादानचेच’ हे उत्तर पुरेसं धरू नका. हे शहरच निर्वासितांचं आणि सैनिकांचं. पहिला पूर्वज कोणत्या सरदाराबरोबर आला ते विचारा. घर इफेजवळच्या मोदाकेकेचं असेल, तर ते इफेचं नव्हे. तिथले लोक ओयोकडून आलेले निर्वासित, त्यांना एकोणिसाव्या शतकात इफेच्या ओओनीने, म्हणजे राजाने, जागा दिली. दोन्ही वस्त्यांतला वाद पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रक्तपातापर्यंत गेला. तिथे प्रश्न जपून विचारा. आणि नुसतं ‘ओयोहून आलो’ असं कुणी म्हणालं, तर जुनं ओयो की नवं, हे पक्कं करून घ्या.

आता आजायीचं घराणं या रेषेवर ठेवून बघा. बाप विणकर, आई अफाला. राहणार ओशोगुन, इसेयीनच्या जवळ. १८२१ च्या सुरुवातीला एका सकाळी गावावर हल्ला झाला. आई, दोन बहिणी, एक चुलत भावंड आणि आजायी दोरांनी बांधून नेले गेले. बाप त्या दिवशी निसटला, पण पुढच्या एका लढाईत गेला. आजायीची एकदा घोड्याच्या बदल्यात देवघेव झाली, मग हातोहात विकला जात तो दक्षिणेला लागोसपर्यंत गेला. एप्रिल १८२२ मध्ये पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावर चढवला गेला, आणि लगेचच इंग्रज आरमाराने ते जहाज पकडून सगळ्यांना सिएरा लिओनमध्ये उतरवलं. पंचवीस वर्षांनी पाद्री म्हणून तो आबेओकुटाला आला आणि ऑगस्ट १८४६ मध्ये त्याला आई भेटली. ओशोगुनची बाई आबेओकुटाजवळ कशी? कालरेषा समोर असेल तर हा प्रश्नच पडत नाही. त्या पंचवीस वर्षांत अर्धा मुलूखच आबेओकुटाच्या खडकाखाली आला होता. १८४८ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, हॅना या नावाने. एकाच घरातली दोन माणसं दोन वेगळ्या वाटांनी एका गावात पोहोचली. तुमच्याही वहीत प्रत्येक भावंडाची वाट वेगळी काढावी लागेल.

पायरी ५ : मग इफेचं काय?

इथवर आल्यावरच इफेच्या दाव्याकडे वळा, आणि तो आदराने पण वेगळ्या पानावर लिहा. ओदुदुवाच्या मुला-नातवांनी कोणकोणती राज्यं स्थापन केली याची यादी सगळीकडे सारखी नाही. ओयोच्या परंपरेत सात नावं येतात : ओवू, केटू, बेनिन, इला, साबे, पोपो आणि ओयो. इतरत्र हीच संख्या सोळा सांगतात, आणि त्यात इजेशा, एकिटीचे राजेही असतात. ज्या गावाची ताकद वाढली त्याने आपलं नाव यादीत घातलं, असं इतिहासकार मानतात. पण ते खोटं म्हणून खोडू नका. ते नाव त्या गावाची तेव्हाची राजकीय जागा सांगतं.

‘ओदुदुवा मक्केहून आला’ हेही तुम्हाला ऐकायला मिळेल. ही कथा छापील रूपात पसरली ती सॅम्युएल जॉन्सन यांच्या योरुबा इतिहासामुळे. जॉन्सन स्वतः सिएरा लिओनमध्ये जन्मलेले योरुबा पाद्री. १८९७ मध्ये त्यांनी हस्तलिखित पूर्ण केलं, ते प्रकाशकाकडे हरवलं, आणि धाकटे भाऊ ओबादिया यांनी टिपणांवरून पुन्हा उभं करून ते १९२१ मध्ये छापलं गेलं. ग्रंथ अनमोल आहे, आणि आजही मी तो पहिल्यांदा उघडतो. पण भाषेचा पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. योरुबाची जवळची भावंडं इगाला आणि इत्सेकिरी या भाषा, म्हणजे सगळं कूळ नायजर नदीच्या परिसरातलंच. इफेतल्या उत्खननांत ११ ते १५ व्या शतकांतली भरभराट दिसते, खापऱ्या रोवून केलेली फरसबंदी, तिथेच बनवलेली काच, पितळेची मस्तकशिल्पं. ती तिथल्याच लोकांनी घडवली.

आणखी एक सावधगिरी. जॉन्सन यांचा ग्रंथ शाळा-चर्चमधून इतका पसरला, की आजोबांनी सांगितलेली गोष्ट कधी कधी छापील पानातूनच आलेली असते. जी कथा जॉन्सनशी शब्दशः जुळते ती स्वतंत्र साक्ष धरू नका. न जुळणारी कथा जास्त लक्ष देऊन ऐका.

पायरी ६ : कागद

इबादान विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय अभिलेखागार आहे. १९३० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी गावोगावच्या परंपरा लिहून अहवाल केले, ते तिथे सापडतात. ते वाचताना एवढं लक्षात ठेवा, की गावचे पुढारी तेव्हा आपल्या गावाचा दर्जा वाढावा म्हणून बोलत होते. १९५७ च्या पश्चिम प्रांताच्या कायद्याखाली गादीच्या वारसाहक्काची जाहीरपत्रं निघाली, त्यांत राजघराण्याच्या शाखांची यादी असते. जमिनीच्या खटल्यांतल्या साक्षी फार समृद्ध, पण दोन्ही बाजू आपापला पूर्वज आधी आला असंच सांगणार. दोन्ही वाचा. चर्च मिशनरी सोसायटीची पत्रं आणि रोजनिश्या बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. घरातलं पहिलं ख्रिस्ती माणूस एकोणिसाव्या शतकातलं असेल, तर तिथे त्याचं नाव सापडण्याची आशा धरता येते.

पायरी ७ : समुद्रापलीकडे गेलेली शाखा

इंग्रज आरमाराने सोडवलेल्यांची नोंदपुस्तकं सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनमध्ये आहेत. नाव, अंदाजे वय, उंची, अंगावरच्या खुणा, सगळं लिहिलेलं. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं, म्हणून नाव वाचताना मोठ्याने उच्चारून बघा. अशा सुमारे ९१,००० माणसांची नावं आता एका खुल्या डिजिटल संग्रहात शोधता येतात.

सिएरा लिओनहून परतलेल्यांना सारो म्हणतात आणि ब्राझील-क्यूबाहून परतलेल्यांना अगुदा. लागोसमध्ये दा सिल्वा, दा रोचा, परेरा अशी आडनावं दिसली तर ती अगुदांची. ब्राझीलमध्ये योरुबांना नागो म्हणत आणि क्यूबात लुकुमी, सिएरा लिओनमध्ये अकू. तिथल्या कागदांत ‘योरुबा’ हा शब्द शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही. १८३५ मध्ये ब्राझीलच्या बाहियात मुस्लिम नागोंचं बंड झालं, आणि त्यानंतर पुष्कळ जणांना परत पाठवलं गेलं किंवा ते स्वतःहून निघाले. अगुदा घराण्याच्या परतीची तारीख शोधताना ते वर्ष मनात असू द्या. सारोंपैकी काहींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी नाव टाकून योरुबा नाव घेतलं. डेव्हिड ब्राउन व्हिन्सेंट हे मोजोला अग्बेबी झाले. कागदांचा माग अचानक तुटला, तर दुसऱ्या नावाने शोधा.

डीएनए चाचणीबद्दल नेहमी विचारतात. ती पश्चिम आफ्रिका सांगते, फार तर आजच्या नायजेरिया-बेनिनचा पट्टा. कुळापर्यंत ती नेत नाही.

पायरी ८ : लिहून काढा

एका मुक्कामाला एक पान द्या. वर ठिकाणाचं जुनं आणि आजचं नाव, मग कोण, कुणाबरोबर, कोणत्या राजाच्या काळात, कोणत्या लढाईनंतर. शेवटी हे कुणी सांगितलं : ओरिकी, माणूस की कागद. तिन्हींची शाई वेगळी ठेवा. वर्ष माहीत नसेल तर राजाचं नाव लिहा, ते पुरतं. पिढ्या मोजताना मधली नावं गळालेली असतात हे गृहीत धरा. पहिला पूर्वज आणि आजोबांचे आजोबा यांच्यामधला काळ तोंडी परंपरेत नेहमीच आक्रसतो.

आजायीच्या घराचं पहिलं पान असं होईल : ओशोगुन, विणकर बाप, आई अफाला, १८२१ चा हल्ला, साक्ष, आजायीने स्वतः १८३७ मध्ये लिहिलेलं पत्र. शेवटचं पान लागोसचं, ३१ डिसेंबर १८९१, बिशप क्राउथर यांचं निधन. मधे इसेयीन, फ्रीटाउन, लंडन आणि आबेओकुटा.

वही पूर्ण झाली की तिची एक प्रत आणि सगळ्या ध्वनिमुद्रणांची प्रत त्या वाड्यात नेऊन द्या, आणि ज्या आजीने ओरिकी म्हटली तिला ती तिच्याच आवाजात ऐकवा. ऐकताना ती बहुधा मधेच थांबवेल आणि राहिलेली एखादी ओळ म्हणेल. तेव्हा मुद्रणयंत्र सुरू असू द्या.